डिपॉझिटच्या पैशाचा फेरफार

इंग्लंडमध्ये घर बघून झालं, ऑफर स्वीकारली गेली, सॉलिसिटर, म्हणजे खरेदीचं कायदेशीर काम बघणारा वकील, नेमला, की चार-आठ दिवसांत एक लांबलचक फॉर्म येतो. त्यात मधेच कुठेतरी एक साधासा प्रश्न असतो: डिपॉझिटचे, म्हणजे कर्जाखेरीज स्वतःच्या खिशातून भरायचे, पैसे कुठून आले? उत्तराला जागा जेमतेम दोन ओळींची. बहुतेक जण तिथे ‘बचत आणि आईवडिलांची मदत’ असं लिहून मोकळे होतात, आणि पुढचे कित्येक आठवडे त्या चार शब्दांचे कागद जमवण्यात जातात.

पहिल्यांदा राग येतो. पगारातून कर कापलेला, वडिलांची उभी हयात नोकरीत गेलेली, आणि हा कोण आम्हाला विचारणारा? राग समजण्यासारखा आहे, पण तो चुकीच्या माणसावर निघतो. २०१७ च्या मनी लाँडरिंग नियमावलीप्रमाणे इस्टेट एजंट, कर्ज देणारी बँक आणि सॉलिसिटर या तिघांवर गिऱ्हाइकाची खातरजमा करायची जबाबदारी स्वतंत्रपणे टाकलेली आहे. म्हणून तेच कागद पुन्हा पुन्हा मागितले जातात आणि ‘बँकेने बघितलंय ना सगळं’ हे उत्तर सॉलिसिटरकडे चालत नाही. शिवाय गुन्ह्यातून आलेल्या पैशाबद्दलचा २००२ चा प्रोसीड्स ऑफ क्राइम ॲक्ट त्याच्या डोक्यावर असतोच. संशय घ्यायला जागा होती आणि तरी कळवलं नाही, असं ठरलं तर त्याला स्वतःला पाच वर्षांपर्यंतची कैद होऊ शकते. एवढं टांगणीला असताना कुणीही ‘बाबांनी दिले’ यावर फाइल बंद करणार नाही.

आपल्याकडे पैसे खरे असतात, अडतं ते दुसरीकडेच. आपल्या घरांत पैसा घराचा असतो. वडिलांची पेन्शन आईच्या खात्यात वळते, भावाने दिलेले पैसे आईच्या नावाने ठेवीत जातात, ठेव मुदत संपल्यावर कुणाच्या तरी लग्नासाठी मोडते आणि उरलेली रक्कम तिसऱ्याच खात्यात जाऊन बसते. घरातल्या कुणालाच त्यात वावगं काही वाटत नाही, कारण हिशेब सगळ्यांच्या डोक्यात असतो. सॉलिसिटरला मात्र पैसा कुणा एकाच्या नावाचा लागतो, आणि नाव बदललं की तिथे कागद लागतो. जमिनीच्या बाबतीत हे आपल्याला कुणी शिकवावं लागत नाही. मधला एक फेरफार, म्हणजे मालकी बदलल्याची नोंद, सापडत नसेल तर सातबारा कितीही स्वच्छ दिसो, घेणारा हात आखडता घेतो. डिपॉझिटच्या पैशालाही असेच फेरफार लागतात: कमाई झाली तिथपासून सॉलिसिटरच्या खात्यापर्यंत, एकही उडी न मारता.

यात दोन प्रश्न एकमेकांत गुंतलेले असतात आणि ते सुटे केले की अर्धं काम होतं. एक, ही ठरावीक रक्कम कुठल्या खात्यातून आली. दोन, त्या माणसाकडे मुळात एवढा पैसा साठला कसा. वडिलांच्या खात्यात तीस लाख दिसणं हे पहिल्याचं उत्तर झालं. ते तीस लाख निवृत्तीच्या वेळच्या ग्रॅच्युइटीचे आणि भविष्यनिर्वाह निधीचे, हे दुसऱ्याचं. आपण पहिल्याचे कागद पाठवतो, सॉलिसिटर दुसरा प्रश्न विचारतो, आणि आपल्याला वाटतं हा तेच तेच विचारतोय.

स्वतःची बचत दाखवणं त्यातल्या त्यात सोपं. साधारण सहा महिन्यांची स्टेटमेंटं मागतात, काही फर्म तीनवर भागवतात, रक्कम पगाराच्या मानाने मोठी दिसली तर वर्षाचीही मागतात. मोबाइलवरचा स्क्रीनशॉट चालत नाही. बँकेच्या साइटवरून उतरवलेली पीडीएफ हवी, सगळ्या पानांची, कोऱ्या पानासकट, नाव आणि खाते क्रमांक दिसणारी. ‘पान ३ पैकी २’ गायब असेल तर ते मागणारा ईमेल येणारच. तपासणारा माणूस खर्चात फारसा शिरत नाही, तो जमेच्या बाजूने खाली येतो. पगार, पगार, पगार, आणि मधेच ४,२०० पौंड. त्या ओळीपाशी तो थांबतो. तुम्हीच आधी थांबा: स्टेटमेंट पाठवण्यापूर्वी पगाराखेरीज जमा झालेल्या प्रत्येक मोठ्या रकमेसमोर ती कशाची ते एका ओळीत लिहा आणि पुरावा त्याच ईमेलला जोडा. रक्कम तुमच्याच बचत खात्यातून आली असेल तर त्या खात्याचंही स्टेटमेंट लागतं, आणि त्यात शेअर विकून आले असतील तर विक्रीची नोंदही. घर बघायला लागल्यावर पैसे या खात्यातून त्या खात्यात फिरवायची हौस आवरलेली बरी. दर फेरीगणिक एक स्टेटमेंट वाढतं.

घरभाडं वाटून घेणाऱ्यांच्या खात्यात मित्रांकडून दरमहा सहा-सातशे पौंड येत असतात. भाडेकरार जोडला की हा विषय संपतो. न संपणारा विषय म्हणजे पैसे पाठवताना गमतीने लिहिलेले शेरे. मित्राने जेवणाचे चाळीस पौंड पाठवताना ‘लाच’ किंवा ‘ड्रग्जचे पैसे’ असं लिहिलेलं असतं, आणि त्याचा गंभीर चेहऱ्याने खुलासा करायची वेळ येते. रोखीने भरलेली रक्कम तर सगळ्यात वाईट. ‘लग्नात आलेला आहेर’ हे कारण खरं असलं तरी आहेराच्या वहीवर कुठल्या सॉलिसिटरचं समाधान होणार? क्रिप्टोतून आलेल्या पैशाला खरेदीपासूनची नोंद लागते: मूळ पैसे कुठल्या बँक खात्यातून गेले, कुठल्या वॉलेटमधून फिरले, विकून परत कुठे आले. पुष्कळ फर्म एवढं बघण्यापेक्षा कामच नाकारतात. लाइफटाइम आयसा (पहिल्या घरासाठीही वापरता येणारं खास बचत खातं) असेल तर बरं, ती रक्कम आयसावाल्या संस्थेकडून सरळ सॉलिसिटरकडे जाते. मात्र पहिली रक्कम भरल्यापासून वर्ष झालेलं असावं आणि घराची किंमत साडेचार लाख पौंडांच्या आत असावी. घाईने स्वतःच्या खात्यात काढून घेतली तर २५ टक्के कापले जातात.

आता आईवडिलांची मदत. इथे गिफ्टेड डिपॉझिट लेटर नावाचा एक पानभर कागद लागतो. त्यात देणाऱ्याचं नाव-पत्ता, घेणाऱ्याशी नातं, रक्कम आणि कुठल्या घरासाठी हे तर असतंच, पण महत्त्वाची वाक्यं पुढची. ही भेट आहे, कर्ज नाही. ती परत मागणार नाही. त्या बदल्यात घरात मालकी किंवा इतर कुठलाही हक्क नको. भेट देताना देणारा कर्जबाजारी नाही. शेवटचं वाक्य वाचून पुष्कळांचे वडील दुखावतात. त्याचं मूळ १९८६ च्या इन्सॉल्व्हन्सी ॲक्टमध्ये आहे: भेट देणाऱ्याचं पुढे पाच वर्षांच्या आत दिवाळं निघालं तर त्याच्या धनकोंसाठी नेमलेला ट्रस्टी ती भेट परत मिळवायला कोर्टात जाऊ शकतो, आणि त्याची झळ कर्ज देणाऱ्या बँकेच्या तारणाला लागू नये म्हणून हे लिहून घेतात. घराचे पैसे अंशतः दुसऱ्या कुणाचे असतील तर सॉलिसिटरला ते बँकेला कळवावंच लागतं, कारण तो तुमच्याबरोबर बँकेचंही काम करत असतो. मॉर्गेजच्या, म्हणजे गृहकर्जाच्या, अर्जात ‘स्वतःची बचत’ आणि सॉलिसिटरकडे ‘वडिलांची भेट’ असं झालं की मंजूर झालेली कर्जाची ऑफर पुन्हा तपासायला जाते.

‘लिहायला भेट म्हणून लिहू, जमेल तसे परत देऊ’ हे घरात अगदी सहज ठरतं. तसं करू नका. परत द्यायचे असतील तर ते कर्ज आहे, बँक तो हप्ता धरूनच तुमची ऐपत मोजते, आणि कर्जाला भेट म्हणून सही करणं हा तिकडे सरळ फसवणुकीचा प्रकार ठरतो. दुसरी गोष्ट आईवडील पुढे तुमच्याकडे राहायला येणार असतील तेव्हाची. सतरा वर्षांवरचं जे कोणी घरात राहणार, त्यांच्याकडून बँक साधारणपणे ‘आमचा हक्क तुमच्या हक्कानंतर’ अशा अर्थाच्या कागदावर सही घेते, आणि त्या सहीसाठी वेगळा वकील बघायला सांगितलं जातं. ते आधीच बोललेलं चांगलं.

देणारा भारतात असला की हे सगळं दुप्पट होतं. काही बँका परदेशातून आलेली भेट घेतच नाहीत, काही फक्त आईवडील आणि सख्खी भावंडं एवढ्यांचीच घेतात, काही सॉलिसिटर परदेशी देणाऱ्याची ओळख तपासायला तयार नसतात. हे तिन्ही प्रश्न कर्ज मिळवून देणाऱ्या ब्रोकरला आणि सॉलिसिटरला पैसे भरायच्या आधी विचारा, आणि उत्तर लेखी घ्या. भारतीय बाजूने बघितलं तर रिझर्व्ह बँकेच्या एलआरएस योजनेखाली निवासी व्यक्तीला एका आर्थिक वर्षात अडीच लाख डॉलरपर्यंत बाहेर पाठवता येतात, आणि नातेवाइकाला भेट त्यात बसते. बँकेत परदेशी पैसे पाठवण्याचा ए-टू फॉर्म भरावा लागतो आणि पॅन लागतोच. १ एप्रिल २०२५ पासून वर्षाला दहा लाख रुपयांपर्यंत टीसीएस (पैसे पाठवतानाच बँक आगाऊ वसूल करते तो कर) नाही, पण त्यापुढच्या रकमेवर भेटीसारख्या कारणासाठी तो २० टक्के. म्हणजे वडिलांना चाळीस लाख पाठवायचे असतील तर तीस लाखांवर सहा लाख वेगळे भरावे लागतात, खात्यात सेहेचाळीस लाख हवेत. बँकेचे चार्जेस वेगळे.

मग साहजिकच विचार येतो: वीस आईच्या नावाने, वीस बाबांच्या नावाने. दहा लाखांची मर्यादा पॅनगणिक असल्याने टीसीएस चार लाखांवर येतो, आणि त्यात बेकायदा काही नाही. पण बाबांनी आदल्या दिवशी आईच्या खात्यात वीस लाख वळते केलेले असतील तर सॉलिसिटरच्या दृष्टीने आईच्या पैशाचं मूळ बाबांकडे जातं, आणि तुम्हाला दोघांचे कागद द्यावे लागतात. टीसीएस वाचवायला म्हणून काका, मामा, चुलतभाऊ अशा पाच जणांकडून पाच-पाच लाख मागवणं तर याहून महागात पडतं. तिकडे पाच भेटपत्रं, पाच ओळखपत्रं, पाच जणांची स्टेटमेंटं, आणि तुकडे पाडून पाठवलेला पैसा म्हणून जास्तीची चौकशी. इकडे आणखी एक खोच आहे: काका-मामा प्राप्तिकराच्या ‘नातेवाईक’ व्याख्येत बसतात, चुलत-मामे भावंडं बसत नाहीत, आणि त्यांच्याकडून वर्षात पन्नास हजारांहून जास्त आले तर ती घेणाऱ्याची करपात्र मिळकत धरली जाते.

आता एक बारीकशी जागा, जी हमखास नडते. ए-टू फॉर्मवर पैसे कशासाठी पाठवताय त्याचा कोड असतो. भेटीचा कोड एस १३०२, कुटुंबाच्या चरितार्थासाठीचा एस १३०१. काउंटरवरचा कर्मचारी घाईत आणि सवयीने चरितार्थाचा टाकतो. साडेचार हजार मैलांवर सॉलिसिटरच्या टेबलावर भेटपत्र म्हणतं भेट, आणि बँकेचा कागद म्हणतो चरितार्थ. मग खुलासा, बँकेकडून दुरुस्तीचं पत्र, शाखेत तीन चकरा, आणि तोवर विकणाऱ्याचा एजंट रोज फोन करतोय. फॉर्मवर सही करण्याआधी तो कोड बोट ठेवून वाचून घ्यायला वडिलांना सांगा. पैसे गेल्यावर बँकेकडून स्विफ्टची, म्हणजे पैसे परदेशी पाठवल्याच्या बँक-संदेशाची, प्रत मागून घ्या. त्यावर पाठवणारा, घेणारा, रक्कम, तारीख सगळं एका जागी असतं. मधली बँक काही पौंड कापून घेते, म्हणून भेटपत्रात १८,००० आणि खात्यात १७,९७८ असं होतं. ती प्रत हाताशी असली की हा प्रश्न एका ओळीत मिटतो.

नावांचा घोळ वेगळाच. पासपोर्टवर पूर्ण नाव, बँकेत आद्याक्षरं, ठेवीच्या पावतीवर आडनाव आधी, आणि आईची निम्मी कागदपत्रं माहेरच्या नावाची. आपल्याला ते एकच माणूस असल्याचं दिसतं. तपासणाऱ्याला ती तीन माणसं दिसतात. नाव बदलल्याचं राजपत्र किंवा लग्नाचा दाखला, आणि ‘ही सगळी नावं माझीच’ असं नोटरीपुढचं प्रतिज्ञापत्र आधीच करून ठेवावं. पासपोर्टची प्रत नोटरीकडून किंवा वकिलाकडून साक्षांकित करून घ्यावी लागते. कशी हवी ते सॉलिसिटरच सांगतो, त्याच शब्दांत शिक्का घ्या.

पैसा पतसंस्थेत असेल तर तो तिथून थेट परदेशी जात नाही. आधी परकीय चलनाचा परवाना असलेल्या बँकेत आणावा लागतो, म्हणजे साखळीत एक कडी वाढली. पासबुकाच्या झेरॉक्सवर बहुतेक पानांवर नाव नसतं, तेव्हा शिक्का-सहीचं स्टेटमेंट मागा. ठेव मोडली असेल तर मोडल्याची पावती हवीच, आणि ती ठेव पूर्वी कशातून केली होती त्याचाही कागद हवा: ग्रॅच्युइटीचं पत्र, विम्याची मुदतपूर्ती, निवृत्तीचा आदेश. दागिने मोडले असतील तर सराफाचं बिल आणि पैसे खात्यात चेकने किंवा ऑनलाइन आल्याची नोंद.

जमीन विकून पैसे आले असतील तर खरेदीखत, सूची क्रमांक दोन (त्याच्या नोंदणीचा उतारा), विक्रीआधी नाव वडिलांचंच होतं हे दाखवणारा सातबारा आणि खरेदीदाराकडून पैसे जमा झाल्याचं स्टेटमेंट, एवढं लागतं. कागद मराठीत असल्याने इंग्रजी भाषांतर लागतं, आणि ते तुम्ही स्वतः करून चालत नाही. भाषांतर करणाऱ्याने आपलं नाव, तारीख, सही आणि ‘मूळ मजकुराशी तंतोतंत’ असं लिहून द्यायला हवं. आणे-पै, पोटखराबा, गट क्रमांक असल्या शब्दांसाठी सोबत चार ओळींचं टिपण जोडावं, नाहीतर आपला ‘गट’ तिकडे लोकांचा गट होऊन बसतो. सॉलिसिटर प्राप्तिकराचं विवरणपत्र मागतो. ग्रामीण शेतजमिनीच्या विक्रीवर भांडवली नफ्याचा कर नसल्याने ती रक्कम त्यात दिसेलच असं नाही. ते का दिसत नाही, याचं सनदी लेखापालाकडून एक पानी पत्र घेऊन ठेवा.

आणि व्यवहारातला काही भाग रोख घेतला असेल, तर? तो पैसा डिपॉझिटसाठी नाहीच असं समजा. खरेदीखतात लिहिलेल्या रकमेपेक्षा एक रुपया जास्त दाखवता येणार नाही. तो हवालामार्गे तिकडे पोचवून देतो म्हणणारे कमी नाहीत. तो पोचतोही, पण तुमच्या खात्यात कुणा अनोळखी माणसाकडून जमा होतो, आणि त्या ओळीचा खुलासा जगात कुणालाच करता येत नाही. भारतात ते बेकायदा आहे ते आहेच.

स्वतःचेच पैसे भारतात असले तर वाट जरा सरळ. एनआरई खात्यातले (अनिवासी भारतीयाने बाहेरून आणून ठेवलेले) मोकळेपणाने बाहेर नेता येतात. एनआरओमधले (त्याच्या भारतातल्या मिळकतीचे) आर्थिक वर्षाला दहा लाख डॉलरपर्यंत, त्यासाठी १५ सीए आणि १५ सीबी या नावांनी ओळखले जाणारे फॉर्म, म्हणजे तुमचं निवेदन आणि सनदी लेखापालाचा दाखला. वारसाने आलेले असतील तर मृत्युपत्र किंवा वारसाचा कोर्टाचा दाखला दाखवा. खात्यावर नॉमिनी असणं हा मालकीचा पुरावा नव्हे, आणि हे तिकडच्या सॉलिसिटरला आपल्यापेक्षा चांगलं माहीत असतं.

कधी कधी सगळे कागद दिल्यावर सॉलिसिटर गप्प होतो. फोन उचलत नाही, ‘बघतोय’ एवढंच म्हणतो. पुष्कळदा तो नुसता आळस किंवा कामाचा ढीग असतो. पण त्याने नॅशनल क्राइम एजन्सीकडे संशयाचा अहवाल दिलेला असेल तर तसं तुम्हाला सांगणं हाच त्याच्याकडून गुन्हा होतो. व्यवहार पुढे न्यायची परवानगी त्याने मागितल्यावर एजन्सीला उत्तरासाठी कामाचे सात दिवस असतात, आणि नकार आला तर आणखी एकतीस दिवस व्यवहार थांबतो. त्या काळात आरडाओरडा करून उपयोग नसतो. आणि त्याने सांगितल्याशिवाय एक पौंडही त्याच्या खात्यात पाठवू नका. संशयाखालचा पैसा तो तुम्हाला नुसता परतही करू शकत नाही.

वेळेचं गणित असं मांडा. घर बघायला लागण्याच्या तीन-चार महिने आधी भारतातले पैसे तिकडच्या तुमच्या खात्यात, तुमच्याच नावावर येऊन पडलेले असावेत. इंग्लंड-वेल्समध्ये एक्स्चेंजच्या वेळी, म्हणजे करार पक्का होताना, साधारण किमतीच्या दहा टक्के लागतात आणि तो दिवस ठरल्यावर स्विफ्टची वाट बघायला कुणाला वेळ नसतो. मार्च-एप्रिलच्या दोन्ही बाजूंना रक्कम विभागली तर दहा लाखांची मर्यादा दोनदा मिळते. सॉलिसिटरचा खाते क्रमांक पहिल्या भेटीत कागदावर घ्या आणि पाठवण्याआधी त्याच्या ऑफिसच्या नेहमीच्या नंबरवर फोन करून आकडा आकडा जुळवा. ‘आमचं खातं बदललंय’ असा ईमेल ऐन शेवटच्या शुक्रवारी आला तर तो चोराचा समजावा.

कापलेला टीसीएस बुडत नाही. तो वडिलांच्या २६ एएस नावाने ओळखल्या जाणाऱ्या प्राप्तिकराच्या उताऱ्यात दिसतो आणि करातून वळता होतो किंवा परत मिळतो, पण विवरणपत्र भरलं तरच. निवृत्त माणसाचं उत्पन्न मर्यादेखाली असल्याने ते भरायची सवय सुटलेली असते, आणि घराच्या गडबडीत जुलै निघून जातो.